ऊन पाण्याच्या गावी

नाशिक रोडच्या माणसाला इगतपुरी हे मुद्दाम पाहायला जाण्याचे ठिकाण वाटत नाही. मुंबईच्या वाटेवर गाडी तिथे थांबते, खिडकीशी बटाटेवड्याचा वास येतो, आपण तो नुसता वास घेऊन सोडून देतो आणि डब्यातला खाखरा काढतो. पावसाळ्यात पाहुणे आले की त्यांना धुके आणि धबधबे दाखवायला घाटापर्यंत न्यायचे, एवढीच आपली इगतपुरीशी ओळख. बाहेरचे लोक मात्र या थंड हवेसाठी दोन-दोन दिवस राहायला येतात. १९७६ पासून तिथे धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आहे आणि परदेशातून माणसे येऊन दहा दिवस मौन धरून बसतात. आपण घाट उतरून पुढे जातो, आणि कामे आटोपून तोच घाट चढून परत येतो.

त्याच घाटाच्या पायथ्याशी, थंड हवा संपून कोकणची दमट ऊब सुरू होते त्या पट्ट्यात, जमिनीतून आपोआप गरम पाणी वर येते. ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही तीन गावे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. नाशिक रोडहून अंतर सव्वाशे किलोमीटरहून थोडे अधिक. पहाटे निघाले तर न्याहारीनंतरच्या वेळेला पोहोचता येते आणि चौविहाराच्या आत घराजवळ परतताही येते. आमच्या घरी या गावांचे नाव गेल्या पौषात निघाले ते माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे.

सासूबाईंना घरात सगळे ‘बाई’ म्हणतात. वय शहात्तर. स्थानकाच्या पायऱ्या चढणे दोन वर्षांपासून त्यांना जड जाऊ लागले होते, आणि सामायिकाला खाली बसता येत नाही याचे दुःख दुखण्यापेक्षा मोठे होते. डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र समोर धरून सांगितले, की हाडांमधली कुर्चा झिजली आहे, सांधा बदलावा लागेल. बाईंनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि घरी येऊन म्हणाल्या, “आधी मला वज्रेश्वरीच्या कुंडावर घेऊन चला. माझ्या आईला तिथे गुण आला होता. मग काय ते ठरवू.” दुकान एक दिवस बंद ठेवायचे म्हणजे आमच्या यजमानांच्या कपाळाला आठी पडते, पण आईचा शब्द होता. पौषातला एक दिवस ठरला.

निघण्याच्या आदल्या रात्री मात्र बाईंनी स्वतःच एक अडचण काढली. त्या गेली पस्तीस वर्षे उकाळलेलेच पाणी पितात. उन्हाळ्यात, प्रवासात, आजारपणात, कुठेही त्यात खंड नाही. त्या म्हणाल्या, “जमिनीतून गरम येणारे पाणी म्हणजे उकाळलेलेच की नाही? ते अचित्त समजायचे की सचित्त?” यजमान हसले, “बाई, निसर्गाने गॅस न लावता उकाळून दिले आहे. याहून प्रासुक काय असणार?” बाईंना ते पटले नाही, आणि त्यांचेच बरोबर होते.

याचे उत्तर श्री भगवती सूत्राच्या दुसऱ्या शतकात आहे. भगवान महावीरांनी राजगृह आणि त्याचे उपनगर नालंदा येथे मिळून चौदा चातुर्मास केले. त्या राजगृहाच्या वैभार पर्वताच्या पायथ्याशी उष्ण पाण्याचे झरे आहेत. सम्मेद शिखरजीच्या यात्रेत राजगीरला गेलेल्या वाचकांनी ते पाहिलेच असतील. तिथल्या पाण्याबद्दल त्या काळी अन्य मतांचे लोक निरनिराळी कारणे सांगत असत. गौतमस्वामींनी त्याविषयी विचारले तेव्हा भगवंतांनी ती कारणे नाकारली आणि त्या झऱ्याचे ‘महातपोपतीरप्रभव’ असे नाव व त्याची लांबी-रुंदी पाचशे धनुष्ये असल्याचे सांगितले. तिथे उष्णयोनिक जीव आणि पुद्गल पाण्याच्या रूपाने उत्पन्न होतात, च्यवतात, पुन्हा उत्पन्न होतात, म्हणून ते पाणी सतत उष्ण राहून झिरपत असते, असा त्या उत्तराचा आशय आहे.

उष्णयोनिक या एका शब्दात बाईंच्या प्रश्नाचा निकाल लागतो. योनीचे शीत, उष्ण आणि मिश्र हे भेद तत्त्वार्थसूत्रातही आले आहेत. काही जीव थंडीत जन्मतात, तसे काही उष्णतेतच जन्मतात आणि उष्णता हेच त्यांचे घर असते. म्हणजे झऱ्याचे पाणी गरम असले तरी सचित्तच. चुलीवर तीन उकाळ्या आलेले पाणी वेगळे आणि हे वेगळे. आधुनिक विज्ञानाची साक्ष काढून आगमाला आधार देण्याची सवय मला फारशी रुचत नाही. आगमाला त्याची गरज नाही. तरीही एवढे नमूद करते, की उष्ण झऱ्यांत, माणसाचा हात भाजेल अशा पाण्यातही, सूक्ष्म जीव आनंदाने राहतात आणि थंड पाण्यात टाकले तर त्यांची वाढ थांबते, हे शास्त्रज्ञांनाही ठाऊक आहे.

तेव्हा प्यायचे पाणी घरून न्यायचे ठरले. आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे उकाळलेल्या पाण्याची मर्यादा हिवाळ्यात चार प्रहरांची, म्हणजे बारा तासांची. पहाटे पाच वाजता उकाळून गाळून भरले, की संध्याकाळपर्यंतची चिंता मिटते. कुंडात उतरायचे की नाही हे बाईंनी तिथे गेल्यावर ठरवायचे म्हणून सोडून दिले.

वडनेर रस्त्याने पाथर्डी फाट्याला आलो की समोर त्रिरश्मी डोंगर आणि त्यातली पांडवलेणी दिसतात. दर वेळी वाहनांच्या गर्दीत आपण तिकडे पाहतही नाही. पण व्यापारी घरातल्या माणसाने एकदा तरी चढून दहाव्या लेण्यातला लेख पाहावा. सुमारे १,९०० वर्षांपूर्वी क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तो कोरवून घेतला. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग या ठिकाणी आपण चौसोपी विश्रामगृहे बांधल्याचे, नद्यांवर विनामूल्य नावांची सोय केल्याचे त्यात सांगितले आहे. भरुकच्छ म्हणजे भडोच, गोवर्धन आपल्या नाशिकजवळचे, आणि शोर्पारग म्हणजे वसईजवळचे सोपारा बंदर. सोपाऱ्याला उतरलेला माल थळ घाटाने वर गोवर्धनाला येत असे. आपण ज्याला आज कसारा घाट म्हणतो तो हाच. आमची मोटार त्या दिवशी उलट्या दिशेने त्याच व्यापारी वाटेने चालली होती आणि उषवदाताच्या धर्मशाळेऐवजी विल्होळीच्या धर्मचक्र तीर्थावर पाच मिनिटे थांबली.

घोटी, इगतपुरी मागे पडले आणि घाट लागला. रेल्वेचा लोहमार्ग या घाटातून १८६५ साली सुरू झाला. चढण इतकी उभी, की ३७ फुटांना एक फूट. कसाऱ्याहून वर येणाऱ्या गाड्यांना आजही मागून जास्तीची इंजिने लावावी लागतात, ती इगतपुरीला सोडतात. घाटातल्या एका वळणावर डोंगराचा कापलेला भाग नीट पाहिला तर खडकाचे थर एकावर एक, ताकात घडी घातलेल्या खांडवीसारखे नव्हे, तर गोदामात रचलेल्या पोत्यांसारखे सरळ आडवे दिसतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि थिजला, त्याचे हे थर. नाशिकच्या पठारावर ते आडवे आहेत. घाट उतरून कोकणात गेले, की पनवेलच्या परिसरात हेच थर समुद्राकडे कललेले आढळतात. कलताना खडक चिरफाळला, उत्तर-दक्षिण लांबलचक भेगा पडल्या, आणि आपल्या गरम पाण्याची गोष्ट त्या भेगांपासून सुरू होते.

बहुतेकांची समजूत असते, की खाली कुठे तरी जुना ज्वालामुखी धुमसत आहे आणि त्याच्यावर पाणी तापते. तसे नाही. तो लाव्हा केव्हाच थंड झाला. त्याची ऊब आता शिल्लक नाही. पृथ्वी मात्र आतून गरम आहे. खाली जावे तसे दर किलोमीटरला सुमारे २५ ते ३० अंशांनी तापमान वाढते. पावसाचे पाणी भेगांतून झिरपत खोल जाते, तिथे तापते, आणि दुसऱ्या एखाद्या भेगेतून दाबाने वर येते. गणेशपुरी-अकलोली भागातले पाणी साधारण ४० ते ५५ अंश सेल्सिअस असते. हिशेब केला तर ते निदान एक किलोमीटर खोल जाऊन आले असले पाहिजे, आणि या प्रवासाला त्याला अनेक वर्षे लागली असतील. हे मी मोटारीत सांगत होते तेव्हा माझे सासरे, बाबूजी, पुढच्या आसनावर डोळे मिटून बसले होते. झोपले असावेत असे वाटले. ते डोळे न उघडता म्हणाले, “म्हणजे आपल्या उधारीपेक्षा बरे. उशिरा का होईना परत येते, तेही व्याजासकट.”

असे झरे एकटेदुकटे नाहीत. सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत त्यांची जणू माळ आहे. पालघरकडे कोकनेरे आणि सातिवली, मग ही तीन गावे, पालीजवळ उन्हेरे, महाडजवळ सव, दापोली-खेडकडे उन्हवरे, संगमेश्वरच्या वाटेवर आरवली, तुरळ, राजवाडी, आणि पार दक्षिणेला राजापूर. उन्हवऱ्याचे पाणी सर्वांत कढत, सुमारे ७० अंश. नावे नीट ऐका. संस्कृत उष्ण, त्याचे मराठीत ऊन झाले आणि त्या उनाची ही सारी लेकरे: उन्हेरे, उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे. आपल्या खानदेशात चोपडा तालुक्यात अडावदजवळ सातपुड्याच्या पायथ्याला उनपदेव आहे, नांदेडकडे किनवट तालुक्यात उनकेश्वर आहे, आणि सापुताऱ्याच्या पलीकडे वघईहून पुढे गेले की वांसदा तालुक्यात गुजरातचे उनाई. ज्यांची सोयरीक जळगाव-धुळ्याकडे आहे त्यांनी उनपदेवला गोमुखातून पडणारे पाणी पाहिले असेलच. लोकांनी या गावांना देवाचे नाव नंतर दिले. आधी पाण्याच्या गुणावरून हाक मारली.

शहापूरजवळ आसनगावला मानस मंदिराच्या टेकडीवर दर्शन घेतले. पडघा मागे टाकून महामार्ग सोडला आणि भिवंडी-वाडा रस्त्यावरच्या अंबाडी नाक्यावरून वज्रेश्वरीच्या वाटेला लागलो. रस्ता बरा म्हणावा असा नाही. बाईंच्या गुडघ्यांना प्रत्येक खड्डा कळत होता.

वज्रेश्वरीचे मंदिर गावाच्या मध्यभागी उंचावर आहे आणि लांबून एखाद्या लहान किल्ल्यासारखे दिसते. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेच्या वेळी देवीला नवस केला होता. मे १७३९ मध्ये वसई पोर्तुगीजांकडून घेतल्यानंतर मराठ्यांनी हे मंदिर बांधले. तटबंदी, बुरूज आणि दगडी पायऱ्या पाहिल्या की बांधणारे हात गड बांधणारे होते हे लगेच कळते. देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त म्हणजे हे गरम झरे, अशी इथली लोककथा आहे. आम्ही खालूनच मंदिर पाहिले. बावन्न पायऱ्या बाईंना शक्य नव्हत्या आणि आम्हांलाही पाण्याची ओढ होती.

अकलोलीची कुंडे इथून जवळच, तानसेच्या अगदी काठाला आहेत. तानसा म्हणजे तीच नदी, जिच्यावर वरच्या अंगाला १८९२ साली धरण पुरे झाले आणि जिचे पाणी आजही मुंबई पिते. नदीचे पाणी पौषात बर्फासारखे गार आणि चार पावलांवर बांधीव कुंडात वाफाळणारे पाणी. काही झरे तर नदीच्या पात्रातच उगवतात. पावसाळ्यात ते पुराखाली बुडून जातात आणि पाणी ओसरले की पुन्हा दिसू लागतात. सकाळची वेळ होती. काठावरच्या झाडांमधून वाफ तिरपी वर चढत होती. गंधकाचा मंद वास होता, अंगाला झोंबणारा नव्हे, जुन्या आगपेटीसारखा. पाणी चाखून पाहिलेल्या एका गृहस्थांनी ते किंचित खारट लागते असे सांगितले. खडकांतून फिरताना त्यात क्षार विरघळतात, त्याची ती चव.

इथवर सारे सुंदर. आता जे पाहवले नाही तेही लिहिते. कुंडाच्या पायऱ्यांवर साबणाचा फेस, शाम्पूच्या फाटलेल्या पुड्या, एका कोपऱ्यात ओले कपडे टाकून दिलेले, आणि काठावर प्लास्टिकच्या ताटल्या. हे सारे तिथल्या रहिवाशांचे नव्हे; तुमच्या-माझ्यासारख्या, मोटारीने येऊन दोन तासांत परत जाणाऱ्या पाहुण्यांचे आहे. कुंडात पाणी हळूहळू येते आणि हळूहळूच बदलते. एकाचा साबण पुढच्या दहांच्या अंगाला लागतो. ज्या पाण्यात जीव आहेत असे आपण मानतो त्यात साबण ओतताना आपला हात कचरत नाही, याचे मला त्या दिवशी फार वाईट वाटले. गरम पाण्याला मुळात साबण लागतच नाही.

आमच्या चिरंजीवांना कुंडात सूर मारायचा होता. त्याला मी छातीपर्यंतच उतरू दिले आणि डोके बुडवायचे नाही अशी अट घातली. याला कारण आहे. कोमट आणि गरम गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा एक सूक्ष्म जीव क्वचित असतो. पाणी पोटात गेले तर तो काही करत नाही. नाकातून वर शिरला तर मेंदूचा आजार होतो, अत्यंत विरळ, पण बहुधा प्राणघातक. केरळमध्ये गेल्या काही वर्षांत असे रुग्ण आढळले आहेत. भिण्याचे कारण नाही. मुलांनी नाकात पाणी जाऊ न देणे एवढीच काळजी पुरेशी आहे, आणि ती कोणत्याही कोमट तलावात घ्यावी.

बाबूजी कुंडात उतरले नाहीत. त्यांना बावीस वर्षे मधुमेह आहे आणि पायांची संवेदना कमी झाली आहे. अशा माणसाला पाणी किती कढत आहे ते पायाला कळत नाही. कातडी भाजते आणि जखम महिनोन्महिने भरत नाही. आमच्या डॉक्टरांनी निघण्यापूर्वी त्यांना स्पष्ट बजावले होते. ते काठावर पथारी टाकून बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ‘आधी हाताने पाहा, मग पाय घाला’ असे सांगण्याचे काम त्यांनी आपल्याकडे घेतले. हृदयविकाराच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांनी, गरोदर स्त्रियांनीही वैद्यकीय सल्ल्याशिवाय असल्या पाण्यात बसू नये. गरम पाण्यात रक्तवाहिन्या फुलतात, रक्तदाब उतरतो, आणि माणूस उठताना चक्कर येऊन पडतो. निरोगी माणसालाही दहा-पंधरा मिनिटे पुष्कळ झाली.

राहता राहिल्या बाई. त्या बराच वेळ कुंडाकडे नुसत्या पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, “मी आत नाही उतरणार. माझ्या दोन गुडघ्यांसाठी एवढ्या पाण्यातल्या जीवांना कशाला त्रास? एक बादली पाणी आण. आजच्या दिवसाची तेवढी मर्यादा.” मी बादली भरून आणली. त्या उंच दगडावर बसल्या आणि मी पंचा त्या पाण्यात भिजवून, पिळून, त्यांच्या गुडघ्यांवर ठेवत राहिले. थंड झाला की पुन्हा भिजवायचा. पाणी वाया जाऊ नये म्हणून पिळलेले थेंबही बादलीत. अर्धा तास हे चालले. शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईंनी न विचारता दुसरा गुडघा आपल्याकडे घेतला. त्या वाड्याकडून आल्या होत्या, दर अमावास्येला येतात म्हणाल्या. त्यांची भाषा आमच्याहून वेगळी होती, दुखणे तेच होते.

बाई उठल्या तेव्हा कुणाचा हात न धरता आठ-दहा पावले चालल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी लिहून दाखवू शकत नाही.

पाण्याने हे कसे साधले? उष्णतेने स्नायू सैल पडतात, रक्तपुरवठा वाढतो, आखडलेला सांधा काही काळ मोकळा होतो. गरम झऱ्यांच्या स्नानाने सांधेदुखीच्या रुग्णांना तात्पुरता आराम पडतो हे डॉक्टरही मान्य करतात. युरोपात आणि जपानमध्ये अशा झऱ्यांवर मोठी स्नानगृहे आणि आरोग्यधामे आहेत. गंधकयुक्त पाण्याचा त्वचेच्या काही तक्रारींवर उपयोग होतो. परंतु झिजलेली कुर्चा कोणत्याही पाण्याने परत येत नाही. इथल्या दुकानांतून बाटलीत भरून विकले जाणारे पाणी घरी नेऊन काही लाभ व्हावा असे मला तरी वाटत नाही. उष्णता हाच गुण असेल तर तो बाटलीत थंड होऊन जातो. बाईंच्या आईला गुण आला होता तो खोटा नव्हता. त्या माउलीचे दुखणे कोणते होते आणि गुण किती दिवस टिकला, ते आता कुणाला सांगता येणार नाही.

दुपारी गणेशपुरीला गेलो. भगवान नित्यानंद १९३६ साली इथे आले तेव्हा हे अरण्यच होते. भीमेश्वर महादेवाच्या देवळाजवळ ते राहिले आणि ८ ऑगस्ट १९६१ रोजी इथेच त्यांनी देह ठेवला. देवळालगतच गरम पाण्याची कुंडे आहेत, कमीअधिक उष्ण. पहाटे स्नान करून दर्शनाला जाण्याची इथल्या भाविकांची रीत आहे. अकलोलीपेक्षा इथे शांतता अधिक आणि साबण कमी दिसला. स्त्रियांना उघड्यावर स्नान करणे संकोचाचे वाटत असेल, तर परिसरातल्या काही खासगी निवासांत झऱ्याचे पाणी स्नानगृहात आणून देण्याची सोय असते. आधी विचारून घ्यावे. जेवणाचे मात्र घरूनच न्यावे. आम्ही थेपले, मेथीचे लाडू, पापड आणि दह्याऐवजी सुकी चटणी नेली होती. कांदा-लसूण-बटाटा टाळणाऱ्या माणसाला वाटेत शहापूरच्या तीर्थावरची भोजनशाळा हाच खरा आधार आहे.

जाण्याचा काळ कार्तिक पौर्णिमेनंतर फाल्गुनापर्यंतचा. उन्हाळ्यात कोकणच्या उकाड्यात गरम पाण्याला कोण जाणार, आणि पावसाळ्यात नदीचा भरवसा नसतो. शनिवार-रविवार टाळावा. मुंबई, वसई, विरारकडची गर्दी त्या दोन दिवसांत सारी इकडे लोटते. ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांनी रेल्वेने कल्याणला उतरून भिवंडीमार्गे एस.टी.ने यावे, विरार आणि वसईहूनही बस आहेत.

परतताना घाटाच्या चढणीला सूर्य खाली झुकला होता. चौविहारासाठी इगतपुरीच्या अलीकडे मोटार बाजूला घेतली. पहाटेचे उकाळलेले पाणी एक तांब्या शिल्लक होते ते बाबूजी आणि बाईंनी वाटून घेतले. समोर दरीत धूसर निळा रंग भरत होता आणि लांबवर एक मालगाडी मागची इंजिने लावून रेटत वर येत होती. बाई पाय लांब करून बसल्या होत्या. मी विचारले, “बाई, कसे वाटते?” त्या म्हणाल्या, “खर्डीपर्यंत बरे होते. आता पुन्हा दुखायला लागले.” त्यात तक्रार नव्हती, हिशेब होता.

पंचे वाळत घालताना दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली आणि डॉक्टरांना फोन लावून द्यायला सांगितला. शस्त्रक्रियेची तारीख त्यांनी स्वतः बोलून घेतली, चैत्रातली आयंबिलाची ओळी पार पडल्यानंतरची. मग विचारले, “तिथे दवाखान्यात उकाळलेले पाणी देतात ना गं? का आपणच न्यायचे?”